भाडेकरू-घरमालक मॅटर बघणारे वकील, नाशिकच्या सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) : काम चोख, वेटिंग भारी

नाव टाकत नाही कारण वकील लोकांना स्वतःची जाहिरात चालत नाही म्हणे, पण कोर्टाच्या समोरच्या बाजूला जुन्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे, लिफ्ट आहे पण नावालाच.

मॅटर असं होतं की पाथर्डी फाट्याला आई-पप्पांचा वन बीएचके आहे, अंबडला कंपनीत असणारी फॅमिली भाड्याने होती, ॲग्रीमेंटची मुदत संपली तरी हलेनात. भाडं देत होते हो, माणसं वाईट नव्हती, पण पप्पांना फ्लॅट विकायचा होता आणि बिल्डिंगमधल्या तीन-चार काकांनी त्यांच्या डोक्यात भरवलं की लाईट तोडा, कुलूप बदला, बारा वर्षं राहिले की घर त्यांच्या नावावर होतं वगैरे. पप्पा रात्री झोपेनात.

वकिलांनी पहिल्या पंधरा मिनिटांत यातल्या प्रत्येक गोष्टीची हवा काढली. परवानगीने राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी मालक होत नाही. आणि कुलूप अजिबात बदलायचं नाही, कारण कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलं तर समोरचा सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, तिथे मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. पप्पा म्हणाले म्हणजे माझ्याच घरात मी चोर का, वकील म्हणाले काका, घर तुमचंच आहे, घाई तेवढी करू नका 😄

मग त्यांनी ॲग्रीमेंट मागितलं. आमचं लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे मुदतीपुरती राहायची परवानगी) रजिस्टर होतं, आणि इथेच सगळा खेळ आहे. नाशकात अजूनही निम्मे लोक स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळे होतात, अकरा महिन्यांचं आहे मग रजिस्टर कशाला असं एजंटच सांगतात. अकरा महिन्यांचं ते लॉजिक 1908 च्या नोंदणी कायद्यातलं, महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, लेखी आणि रजिस्टर करायचं, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केलं तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरतात, वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद वेगळीच. आणि वाचतात किती? बारा हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने, याला मुद्रांक शुल्क साडेतीनशेच्या आत येतं (एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, डिपॉझिटवरचं व्याज धरून) आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. एजंटचे पैसे वेगळे. तेवढ्यात तर आपण घरचे सगळे मिसळ खाऊन येतो.

रजिस्टर असल्यामुळे आमच्याकडे त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 होतं. मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेला अधिकारी) अर्ज, लेखी करारात जे आहे तोच निर्णायक पुरावा, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने बाजू मांडायची परवानगी मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरतात, आणि जास्त राहिलेल्या काळाची दुप्पट दराने भरपाई. हे सगळं त्यांनी नोटिशीत नीट लिहून रजिस्टर एडीने पाठवलं.

मला खरं आवडलं ते पुढचं. नोटीस गेल्यावर भाडेकरू दादा स्वतःच ऑफिसला आले, मुलीची परीक्षा होती. दुसरा कोणी असता तर केस लावून फी वाढवली असती, यांनी दोघांना समोरासमोर बसवून परीक्षा संपेपर्यंतची तारीख लेखी घेतली, त्या काळाचं भाडं जुन्याच दराने, डिपॉझिटमधून फक्त लाईट बिल आणि मेंटेनन्स कापायचा, रंगाचे पैसे कापायचे नाहीत (पप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता). ताबा पावतीचा नमुना पण दिला, मीटर रीडिंग आणि चाव्या किती ते सुद्धा त्यात. ठरल्या तारखेला घर रिकामं.

आता तक्रारी. अपॉइंटमेंट सहाची असली तरी साडेसातपर्यंत बसायची तयारी ठेवा. पण वेटिंगमध्ये टाईमपास होतो, रविवार कारंज्याकडच्या वाड्यातले एक आजोबा भेटले, पन्नास-एक वर्षांचे भाडेकरू, मालकाने जिन्यातला दिवा आणि नळ बंद केला म्हणून आलेले. त्यांचं प्रकरण आमच्यापेक्षा पूर्ण वेगळं, जुन्या भाडेकरूला याच कायद्याचं संरक्षण आहे, कलम 29 प्रमाणे पाणी-लाईट विनाकारण तोडता येत नाही, थकबाकी असली तरी नोटीस देऊन 90 दिवस थांबल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही, आणि भाडं वर्षाला चारच टक्के वाढतं. मालकाला त्या भाड्यात कौलं पण बदलता येत नसतील हेही आहेच म्हणा. वाडा पावसात पडेल तेव्हा दोघंही रस्त्यावर.

दुसरं म्हणजे त्यांचा असिस्टंट. व्हॉट्सॲपवर ब्लू टिक येते, उत्तर येत नाही. ड्राफ्टमध्ये पप्पांचं आडनाव चुकवलं ते मी वाचलं म्हणून कळलं, तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा. फीची पावती मागितली तरच मिळते.

4 स्टार. जाताना रजिस्टर ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा), भाडं जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट घेऊन जा, नाहीतर परत पाठवतात. सकाळी ते कोर्टात असतात, आणि गाडी शक्यतो नेऊच नका, रिक्षाने जा.