मॉस्कोत मेट्रो पायाखाली होती आणि आम्हाला टॅक्सीत बसवलं

मॉस्कोला निघालेल्या, विशेषतः साठी ओलांडलेल्या आणि सोबत तरुण माणूस नसलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. विमानतळावरून बाहेर पडताना गळ्यात ओळखपत्र लटकवलेला माणूस ‘मेट्रो बंद आहे’ म्हणत जवळ आला, तर त्याच्यापाशी थांबूही नका. अशाच एका माणसाने आणि त्याच्या जोडीदाराने आमच्याकडून १२,००० रुबल उकळले. रुबल आणि रुपया यांचा भाव तेव्हा जवळपास सारखाच होता, म्हणजे आपले बारा हजार गेले असं समजा.

आम्ही चौघं होतो. मी, सौ., माझे साडू आणि मेहुणी. मी वाळवा तालुक्यातला, एसटीत वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला. अण्णाभाऊ साठे आमच्याच तालुक्यातले, वाटेगावचे. १९६१ मध्ये ते मॉस्कोला गेले होते, आणि २०२२ च्या सप्टेंबरात तिथल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. तो पुतळा डोळ्यांनी पाहायचा आणि नोकरीत असल्यापासून जिचं नाव ऐकत आलो ती मेट्रो पाहायची, एवढ्यासाठी मी पैसे साठवले होते. मुलाने पुण्यात बसून हॉटेल ठरवलं, तेही मुद्दाम तागान्स्काया स्टेशनजवळ, कारण ग्रंथालय तिथून चालत जाण्यासारखं आहे. कागदावर सगळा मार्ग लिहून दिला: विमानतळावरून पिवळ्या मार्गाची गाडी, पार्क पोबेदीला उतरून तिथेच गडद निळ्या मार्गाची, कियेव्हस्कायाला बदलून तपकिरी वर्तुळाची, की तागान्स्काया.

दुबईमार्गे आम्ही वनुकोवो विमानतळावर उतरलो. शेरेमेत्येवो आणि दोमोदेदोवोहून शहरात यायला एअरोएक्सप्रेस ही वेगळी रेल्वे आहे. वनुकोवोला तर ६ सप्टेंबर २०२३ पासून खुद्द मेट्रोच आली आहे. पिवळ्या मार्गाचं शेवटचं स्टेशन विमानतळालाच जोडलेलं आहे, जमिनीखाली. तिथून शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत मेट्रोने जा, तिकीट एकच, आणि आम्ही गेलो तेव्हा ते १०० रुबलांच्या आत होतं. म्हणजे चौघांचे मिळून ४०० सुद्धा नाहीत.

तो माणूस पन्नाशीचा होता. इस्त्रीचा कोट, गळ्यात फोटो असलेलं ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. आधी नमस्ते, मग इंदिया, मग राज कपूर. साडूंना बरं वाटलं, ते बोलायला लागले. त्याने माझ्या हातातला कागद घेतला, नेमकं पार्क पोबेदीवर बोट ठेवलं आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, आज दुरुस्ती आहे, गाड्या तिथवर जात नाहीत. आमच्याकडे कागद होता, मार्ग माहीत होता, आणि नेमक्या त्याच मार्गात त्याने खोडा घातला. कुठे जायचंय ते सांगताच कुठलं स्टेशन बंद आहे असं सांगायचं, हे त्याला पाठ होतं.

मग कॅल्क्युलेटरवर आकडा आला: १,८००. मी चार बोटं दाखवून विचारलं, चौघांचे? हो. सामानासकट? हो. हॉटेलपर्यंत? हो, हो. आयुष्यभर तिकिटं फाडलेला माणूस मी, भाडं ठरल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नव्हतो, आणि तसा ठेवलाही नाही. त्याने आमच्या दोन बॅगा उचलल्या आणि झपाझप पार्किंगकडे निघाला. तिथे गाडीत बसलेला चालक वेगळाच. ओळखपत्रवाल्याने त्याला दोन शब्द सांगितले, आम्हाला हात जोडून नमस्कार केला आणि निघून गेला.

भाव सांगणारा एक, पैसे घेणारा दुसरा. या धंद्याची सगळी कळ एवढ्यातच आहे, आणि वाचणाऱ्याने हेच ध्यानात ठेवावं. ज्याच्याशी ठरलं तो शेवटी समोर नसतोच. चालकाला इंग्रजी येत नव्हतं, किंवा येत असलं तरी त्याने तोंड उघडलं नाही.

गाडी हॉटेलच्या दारात न नेता त्याने अलीकडच्या गल्लीत उभी केली. सामान मागच्या डिकीत, डिकीला कुलूप. मी १,८०० पुढे केले. त्याने पुढच्या कप्प्यातून प्लास्टिकचं आवरण घातलेला छापील तक्ता काढला, वर शिक्का, चिन्ह, सगळं. १,८०० हे नुसतं गाडीत बसण्याचं. किलोमीटरला ३५० प्रमाणे ३५ किलोमीटरचे १२,२५०. चार बॅगांचे प्रत्येकी ५०० प्रमाणे २,०००. एकूण १६,०५०. मी रागाने बोललो, मराठीतच बोललो. तो शांत बसून राहिला. साडूंना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांचा चेहरा लाल झाला होता, मेहुणी रडकुंडीला आली. सौ. म्हणाली, “द्या आणि मोकळे व्हा.” ओढाताण करून १२,००० वर आलं. नोटा मोजून घेतल्यावर त्याने डिकी उघडली. पावती नाही, काही नाही. वाहकाने पैसे घेऊन तिकीट दिलं नाही तर आमच्याकडे नोकरीवर गदा यायची. पैसे घ्यायचे आणि कागद द्यायचा नाही, याला माझ्या लेखी चोरी हेच नाव आहे.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने फोनवर भाषांतर करून आमचं म्हणणं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. असे पाहुणे तिच्याकडे आधीही आले होते. मेहुणीने उतरताना गाडीच्या नंबरचा फोटो काढला होता, तेवढं एक बरं झालं. मुलीने १०२ या पोलिसांच्या नंबरवर फोन करून तो कळवला. पैसे परत आले नाहीत. पण तिने एक गोष्ट सांगितली ती फार उपयोगाची: कुलूप लावून पैसे मागितले तर गाडीतून उतरायचं नाही, हॉटेलला फोन लावायचा आणि बाहेर माणूस बोलवायचा. हॉटेलचा माणूस रशियनमध्ये बोलायला लागला की रक्कम झटकन खाली येते म्हणे. हॉटेलचा नंबर म्हणूनच कागदावर मोठ्या अक्षरात हवा.

आता आपली माणसं यांच्या तावडीत का सापडतात, त्याची कारणं नीट समजून घ्या. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं, तेव्हापासून आपल्या बँकांची ही कार्डं तिथे चालत नाहीत. म्हणजे खिशात रोकड असणारच, हे त्या माणसालाही ठाऊक असतं. दुसरं म्हणजे फोन. २०२५ पासून परदेशी माणसाला तिथलं सिमकार्ड घ्यायला बायोमेट्रिक नोंदणी लागते, त्यामुळे विमानतळावर सिम घेतलं आणि लगेच यांडेक्सच्या ॲपवरून टॅक्सी मागवली, असं आता होत नाही. नेट नाही, कार्ड नाही, अक्षरं वाचता येत नाहीत, आणि रात्रभराच्या प्रवासाने डोळे मिटायला लागलेले. विमानाच्या दारापासून मेट्रोच्या फाटकापर्यंतचा तो थोडासा टप्पा, तिथेच हे लोक उभे असतात. एकदा फाटकाच्या आत गेलात की तुम्हाला फसवायला फारसं कुणी उरत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोत शिरलो आणि मला खरं वाईट तेव्हा वाटलं. सगळं चालू होतं. पार्क पोबेदीही चालू होतं, मी मुद्दाम तिथे जाऊन आलो. जमिनीखाली ८४ मीटर खोल स्टेशन आहे ते. सरकता जिना इतका लांब की वरून खालचं टोक दिसत नाही, आणि खाली उतरल्यावर फक्त फलाट ओलांडला की दुसऱ्या मार्गाची गाडी. बॅगा घेऊन सुद्धा आम्हाला हे सहज जमलं असतं. फलाटाच्या टोकाला, बोगद्याच्या तोंडावर घड्याळ असतं, त्यावर गाड्यांच्या वेळेचे सेकंद सरकताना दिसतात. गर्दीच्या वेळी दीड मिनिटात पुढची गाडी. १९३५ पासून चाललेली ही सेवा, आणि तरुण पोरं म्हाताऱ्यांना पाहून जागेवरून उठतात. जिन्यावर एका बाईंनी न विचारता सौ.च्या हातातली पिशवी घेतली आणि वर पोचवली. हे शहर लुटारूंचं नाही, म्हणूनच त्या दोघांचा राग जास्त येतो.

घोषणा रशियनमध्ये असल्या तरी एक खूण कुणालाही कळते. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज असतो, बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईचा. तपकिरी वर्तुळावर घड्याळाच्या दिशेने पुरुष, उलट दिशेने बाई. कियेव्हस्कायाहून तागान्स्कायाला येताना बाईचा आवाज ऐकू आला, म्हणजे बरोबर बसलात. आणि मेट्रो खरोखर बंद असते ती रात्री एकपासून पहाटे साडेपाचपर्यंत. या वेळेत उतरणार असाल तर घरूनच हॉटेलला सांगून गाडी ठरवा, किंवा उजाडेपर्यंत विमानतळावरच बसून राहा.

तिकिटाच्या बाबतीतही सावध राहा. तिथलं प्रवासाचं कार्ड त्रोइका नावाचं. एका मोठ्या रेल्वे स्टेशनाखालच्या तिकीट यंत्रापाशी एक तरुण आमच्याकडे आला. मी आज घरी निघालोय, कार्डात हजार रुबल उरलेत, सातशेला घ्या, असं त्याने खुणांनी सांगितलं. मी कार्ड घेऊन शेजारच्या यंत्रावर टेकवलं. यंत्र शिल्लक दाखवतं. शून्य. मी वळून पाहिलं तर तो निघून गेलेला. कार्ड तिकीट खिडकीवरच घ्यायचं. तिथे रोख घेतात, बोलता आलं नाही तरी बोटांनी काम होतं.

पुतळ्यापाशी लातूरकडचा एक विद्यार्थी भेटला. त्याचा अनुभव वेगळाच. मेट्रोतून बाहेर पडताना पुढच्या माणसाच्या खिशातून नोटांचं पुडकं पडलं. मागून आलेल्या दुसऱ्याने ते उचललं आणि याला म्हणाला, चल, वाटून घेऊ. तो नको म्हणेपर्यंत पहिला परत आला, पैसे कमी आहेत म्हणून ओरडायला लागला, आणि ‘तुझं पाकीट दाखव’ म्हणत त्याच्याच पाकिटातल्या नोटा काढून घेतल्या. खाली पडलेल्या पैशाकडे बघायचंही नाही, चालत राहायचं, आणि कुणी साध्या वेशात पोलीस असल्याचं सांगितलं तरी पाकीट हातात द्यायचं नाही. अडचण वाढली तर ११२. भारतीय दूतावास वोरोन्त्सोवो पोले रस्त्यावर आहे, कुर्स्काया स्टेशनवरून चालत जाता येतं.

आपल्याकडची किती तरी मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात, आणि पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली असतात. आईबापांना माझी विनंती आहे. मुलाच्या खिशात डॉलर वेगळे ठेवा, विमानतळावरच्या बँकेच्या खिडकीवर मेट्रोपुरतेच थोडे रुबल करून घ्यायला सांगा, बाकीचे शहरात. मेट्रोचा नकाशा फोनमध्ये निघण्याआधीच उतरवून घ्या, नेट नसतानाही उघडेल असा. पासपोर्ट आणि मोठी रक्कम असलेली पिशवी डिकीत कधीही ठेवू देऊ नका, ती मांडीवरच हवी. आणि मेट्रो चालू आहे की नाही, हे मेट्रोच्या लाल ‘M’ अक्षराच्या पाटीपाशी स्वतः चालत जाऊन बघायला सांगा.