सोलर बसवून वर्ष होत आलं: बेळगावच्या गच्चीवरचा अनुभव

करंट गेला की सोलरही बंद पडतं. गच्चीवर पॅनेल दिसले की गल्लीतला प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच टाकतो, "आता तुम्हाला करंट गेल्याचं टेन्शन नाही!" आहे. पूर्वी होतं तेवढंच आहे. पॅनेलची वीज थेट लाइनला जोडणारा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइनवर व्होल्टेज असेल तरच चालतो. लाइन बंद झाली की तोही क्षणात थांबतो. तसा थांबला नाही तर खांबावर चढलेल्या लाइनमनला आमच्या गच्चीतून शॉक बसेल, म्हणून ते तसंच असायला हवं. पण देखभालीसाठी दिवसभर लाइन बंद ठेवतात तेव्हा वर रखरखीत ऊन, खाली पंखा बंद आणि मोबाईलवर इन्व्हर्टरच्या अॅपमध्ये शून्य युनिट. करंट नाही तो नाहीच, वर त्या दिवसाची वीजही बुडाली.

त्यामुळे जुना बॅटरीचा इन्व्हर्टर भंगारात देऊ नका. बॅटरीलाही जोडता येणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घेता येते, पण सबसिडी पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीचा खर्च पूर्ण आपला. आम्ही जुनी बॅटरीच ठेवली. पावसाळ्यात तिनंच हात दिला.

आता पैशांचं. सीमाभागात राहणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं, कारण आपण सोलरबद्दल जे मराठी व्हिडिओ बघतो ते बहुतेक पुण्याकडचे किंवा नाशिककडचे असतात. तिथलं गणित महावितरणचं, आपलं हेस्कॉमचं, म्हणजे इकडच्या कर्नाटकातल्या वीज कंपनीचं. शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात माझा आतेभाऊ राहतो. त्याच्याकडे महिन्याला शंभर युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. म्हणजे सोलरमुळे त्याची महागातली युनिटं आधी वाचतात. आपल्याकडे एप्रिल २०२४ पासून घरगुती विजेचे स्लॅबच गेले. पहिल्या युनिटला जो दर तोच तीनशेव्या युनिटला, आणि तो सहा रुपयांच्या आत, वर ९ टक्के कर. पॅनेल तेच, ऊन तेच, आमच्यामध्ये अंतर मोजून काही मैल. तरी त्याचे पैसे माझ्याआधी वसूल होणार.

दुसरी गोष्ट कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेची. २०२३ च्या जुलैपासून आपल्याकडे २०० युनिटपर्यंत वीज फुकट आहे. त्यातही २०२२-२३ मधली तुमची सरासरी अधिक १० टक्के, एवढाच तुमचा वाटा. २०० च्या वर गेलात की पूर्ण बिल भरा. ज्याचं बिल आजच शून्य येतं त्यानं पदरचे लाखभर रुपये घालून काय वाचवायचं? आमच्या शेजारच्या काकूंकडे एक एजंट सतत चकरा मारत होता, "पंतप्रधानांची स्कीम आहे, ७८ हजार मिळतात" म्हणून. मिळतात हे खरं. पण काकूंच्या घरी दोन माणसं, एक फ्रिज, महिन्याला नव्वदच्या आसपास युनिट. मी त्यांना सरळ सांगितलं, "काकू, ते पैसे एफडीत ठेवा."

आमचं तसं नव्हतं. खाली थोरला भाऊ, वर आम्ही, मीटर एकच. महिन्याला तीनशेच्या पुढे वापर, त्यामुळे गृहज्योती आमच्या वाट्याला आलीच नाही. अशा एकत्र कुटुंबाला, घरातच दुकान किंवा शिवणकाम असलेल्याला, विजेवरची गाडी घरी चार्ज करणाऱ्याला सोलर परवडतं.

आकडे सांगतो. आमची सिस्टिम ३.३ किलोवॅट, साडेपाचशे वॅटचे सहा पॅनेल. उंच स्ट्रक्चर धरून खर्च दोन लाखांच्या थोडा आत. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. पाच किलोवॅट बसवले तरी तेवढेच. हे पैसे आधी कापून मिळत नाहीत. मीटर बसून सिस्टिम सुरू झाली की मग खात्यावर येतात. तोवर सगळी रक्कम आपल्या खिशातून किंवा बँकेच्या कर्जातून. सबसिडी हवी तर पॅनेलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात, त्याला डीसीआर पॅनेल म्हणतात. कोटेशनवर ते लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून पॅनेल-इन्व्हर्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आम्ही आदल्या दिवाळीनंतर बसवलं, म्हणजे १२ भरला. असो.

वर्षाला चार हजार युनिट धरली तर पाच-सव्वापाच वर्षांत पैसे निघतील असा माझा हिशेब आहे. एजंट तीन वर्षं सांगतात. त्यांनी कुठला दर धरला ते विचारा, बहुतेक वेळा पलीकडचा असतो.

बिल शून्य होत नाही, हेही ऐकून ठेवा. मंजूर लोडच्या प्रत्येक किलोवॅटमागे शंभराच्या वर स्थिर आकार लागतो, तो सोलर असो-नसो भरायचाच. वर्षभराच्या वापरापेक्षा मोठी सिस्टिम बसवून वीज विकू असं काहींच्या डोक्यात असतं. जादा युनिटला मिळणारा भाव आपण विकत घेतो त्या भावाहून बराच कमी असतो. तो धंदा होत नाही.

अॅपवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळत नाही म्हणून भाऊ पहिले दोन महिने हैराण. अॅपवर १४ युनिट तयार झाली, मीटरवर बाहेर गेली फक्त ८. उरलेली ६ गेली कुठं? घरातच. दिवसा पंप, मिक्सर, वॉशिंग मशीन चाललं ते थेट गच्चीवरून. नेट मीटर फक्त लाइनमधून आत आलेली आणि बाहेर गेलेली युनिटं मोजतो, मधली त्याला दिसतच नाहीत.

आता ऊन. फेब्रुवारी ते एप्रिल दिवसाला १४-१५ युनिट सहज. मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीज जास्त असं वाटतं, पण पॅनेल तापला की त्याचं उत्पादन घटतं, आणि दुपारनंतर वळवाचे ढग येतात. जून ते ऑगस्ट मात्र विचारू नका. चार-पाच युनिट आली तरी दिवस चांगला म्हणायचा, झड लागली की दोनावर. खानापूर, कणकुंबीकडच्या पाव्हण्यांनी आणखी कमी धरावं. अथणी, रायबागकडं पाऊसच थोडा, तिथं हा खड्डा एवढा खोल नसणार. म्हणून कोणाची तरी मार्चमधली अॅपची फोटो बघून हुरळून जाऊ नका, जुलैची मागा.

सावलीबद्दल जरा सविस्तर, कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. बसवणाऱ्यांचा माणूस जागा बघायला आला तो मे महिन्यात. मे च्या पहिल्या आठवड्यात सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर असतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेला. त्या दिवसांत पाण्याच्या टाकीची सावली टाकीखालीच. त्यानं फूटपट्टी लावली, फोटो काढले, "एकदम मोकळी गच्ची" म्हणाला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका उतरतो की पॅनेलपेक्षा सहा फूट उंच टाकीची सावली भर दुपारी पाच फूट पडते आणि सकाळी नऊला बारा फुटांच्या पुढे. आमच्या कडेच्या पॅनेलवर रोज सकाळी टाकीचा काळा गोल चढायचा आणि दहाच्या सुमारास उतरायचा. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात. एकावर सावली आली की नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं असं नाही, माळेवरही परिणाम होतो. शेवटी प्लंबर बोलावून टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात नेली. पाणी तापवायच्या सोलरची टाकी, शेजाऱ्याचा नारळ, जिन्याची खोली, यांपैकी दक्षिणेला काय आहे ते आधी बघा. शेजारी पुढं मजला चढवणार आहे का, हेही गोडीत विचारून घ्या.

स्ट्रक्चर उंच घ्यायचा हट्ट आईचा. खाली पापड-कुरडया वाळत घालता आल्या पाहिजेत! सावलीत कुरडया वाळत नाहीत हे तिला नंतर कळलं, पण माणूस ताठ चालू शकतो, साफसफाई सोपी होते आणि पावसात कपडे वाळतात. पाय स्लॅबमध्ये ड्रिल करून बसवले असतील तर त्याभोवती वॉटरप्रूफिंग स्वतः उभं राहून करून घ्या. बेळगावचा पाऊस बारीकशी चीरही सोडत नाही.

साफसफाईचं म्हणाल तर पावसाळ्यात काही करावं लागत नाही. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी लवकर, मऊ कापडाच्या मॉपनं. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. बोअरचं पाणी वापरलं की सुकल्यावर पांढरे डाग राहतात, नळाचं बरं. माझी बहीण वडगावात, आजूबाजूला माग. तिच्या पॅनेलवर सुताची लव बसते आणि दवानं चिकटते. चिकोडी-निपाणीकडं हंगामात पाचट पेटवलं की काळी राख. कबुतराची विष्ठा मात्र कुठंही असो, दिसली की काढा. त्या जागचा सेल तापून कायमचा खराब होऊ शकतो.

कागदपत्रांत एकच गोम आहे, आर.आर. नंबर, म्हणजे बिलावरचा कनेक्शनचा नंबर. जुन्या घरांचं कनेक्शन अजून आजोबांच्या नावावर असतं. नाव बदलून, आधारशी जुळवूनच पोर्टलवर अर्ज करा, नाहीतर सबसिडी अडकते. आम्हाला या कामालाच सगळ्यात जास्त वेळ लागला, बाकी फिटिंग दोन दिवसांचं.

अर्थिंगवर पैसे वाचवू देऊ नका. आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचं वेगळं, पॅनेलकडच्या डीसीचं वेगळं, घराच्या लाइनकडच्या एसीचं वेगळं, असे तीन खड्डे. आमच्या बसवणाऱ्यांनी तिन्ही वायरी एकाच खड्ड्यात सोडल्या होत्या. भावानं पाहिलं, उरलेले पैसे थांबवले, तेव्हा दोन खड्डे नवे पडले. पुढं एप्रिलच्या वळवात गल्लीत वीज पडली, दोन घरांचे टीव्ही गेले, आमचा इन्व्हर्टर शाबूत राहिला. अर्थिंगमुळे की नशिबानं, सांगता येत नाही, पण खड्ड्यांचे पैसे मला अजिबात खटकले नाहीत.

योजनेत बसवणाऱ्यानं पाच वर्षं देखभाल करायची असते. आमच्याकडे मार्चनंतर कोणी फिरकलं नाही, फोन उचलतात आणि "उद्या येतो" म्हणतात. म्हणून गावातलाच, ज्याचं दुकान आपल्याला माहीत आहे असा माणूस निवडा, पाच-दहा हजार जास्त गेले तरी. आणि इन्व्हर्टर अॅपचा पासवर्ड पहिल्याच दिवशी स्वतःच्या मोबाईलवर घ्या. आमचा अजून त्यांच्याच ईमेलवर आहे, तो मिळवायचं काम चालू आहे.