थायरॉईडची टेस्ट, घरी येणारी लॅब आणि माझ्या केसांच्या गोळ्या

पाचपाखाडीत राहणाऱ्यांसाठी लिहितेय, होम कलेक्शनवाली लॅब शोधत असाल तर. सकाळी साडेसातची वेळ दिलेली आणि दादा उगवला आठ पाचला. तोपर्यंत माझी बसायला मिळणारी ठाणा लोकल गेली ती गेलीच, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत मी यांना मनातल्या मनात एक स्टार देऊन मोकळी झाले होते.

मग त्याने बॅग उघडायच्या आधी विचारलं, ताई आजची थायरॉईडची गोळी घेतली का? म्हटलं नाही, रक्त दिल्यावर घेणार. बरं, केसांसाठी, नखांसाठी काही चालू आहे का, बायोटिन वगैरे? मी म्हटलं हो, ते तर साधं व्हिटॅमिन आहे. तर म्हणे बाटली दाखवा. बाटलीवर १०,००० मायक्रोग्रॅम. त्याने सरळ बॅग बंद केली, म्हणाला तीन दिवस हे बंद ठेवा, रविवारी येतो, आज घेतलं तर आकडा चुकीचा येऊ शकतो. मी भडकलेच, आधीच ट्रेन गेली आणि हा रक्त न घेताच चालला!

पण डोक्यात किडा वळवळला तो वळवळलाच. आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात सासूबाई दुधाचा हिशोब लिहितात आणि तिथेच कोपऱ्यात मी माझा टीएसएच लिहिते, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की चढतो आणि गोळी जास्त झाली की उतरतो तो रक्तातला आकडा. रात्री खिळ्यावरचं जुनं आणि नवीन दोन्ही काढून बसले. नोव्हेंबरात ७.२, तेव्हा गोळी ५० मायक्रोग्रॅमची ७५ झाली. जानेवारीत ०.१८, शेजारी 'अर्धा लि. जास्त'. डॉक्टर म्हणाले डोस जास्त होतोय, परत ५० वर या. मार्चमध्ये ८.९! मग ६२.५. म्हणजे झोपाळ्यासारखं वर खाली. आणि गंमत म्हणजे जानेवारीत रिपोर्टनुसार डोस जास्त झालेला, तर मला धडधड, घाम, असलं काहीतरी व्हायला हवं होतं ना, मी तर पंखा बंद करून गोधडीत पडून होते आणि पोट चार चार दिवस साफ नाही, म्हणजे उलट थायरॉईड कमी पडल्यासारखं. मग मोबाईलवर केसांच्या गोळ्यांची ऑर्डर शोधली. पहिली बाटली डिसेंबरात आलेली, फेब्रुवारीत संपली. म्हणजे जानेवारीची टेस्ट गोळ्या चालू असताना आणि मार्चची बंद असताना. हातातली ही दुसरी बाटली.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं की काही मशीनच्या टेस्टमध्येच बायोटिन वापरलेलं असतं, आपल्या रक्तात ते जास्त असलं की मोजण्यात गडबड होते, टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी४, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, खोटं जास्त. सगळ्या लॅबच्या पद्धतीत होतं असं नाही. पण आधीच्या लॅबमध्ये, मोठं नाव, एसी वेटिंग रूम, तिन्ही वेळा कोणी हे विचारलं नव्हतं. तिथे एकदा संध्याकाळी ऑफिसवरून येताना रक्त दिलं, एकदा सकाळी, त्यानेही फरक पडतो म्हणे कारण टीएसएच रात्री आणि पहाटे चढलेला असतो, दुपारी उतरतो. उपाशी मात्र राहायची गरज नाही टीएसएचसाठी, हे पण दादानेच सांगितलं, मी उगाच वर्षभर चहाशिवाय तळमळत होते.

रविवारी आला, सात पंचवीसला, वेळेआधी. सुई कळलीसुद्धा नाही, माझी शीर सापडत नाही हे आख्ख्या खानदानाला माहितेय. टीएसएच ५.१.

गोखले रोडवरच्या डॉक्टरांकडे सव्वासातचा नंबर पावणेनऊला लागतो आणि आत दहा मिनिटं मिळतात, त्यात मी दरवेळी केस गळतात हेच सांगत बसायचे. यावेळी एका फुलस्केपवर सगळं उतरवून नेलं, तारीख, आकडा, तेव्हाचा डोस, कुठली लॅब, किती वाजता. खाली बाकीच्या गोळ्या. कॅल्शियम मी थायरॉईडच्या गोळीनंतर तासाभरात नाश्त्याबरोबर घ्यायचे तेही लिहिलं, आणि त्यावरूनच बोलणी बसली, दोन्हींत चार तासांचं अंतर पाहिजे, लोहाच्या गोळीचंही तसंच. त्यांनी जानेवारीच्या आकड्यावर पेनाने काट मारली, यावर विश्वास ठेवता येत नाही म्हणाले. आता ७५, आठ आठवड्यांनी परत टेस्ट, लॅब हीच, वेळ सकाळचीच. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत मोजण्यात अर्थ नसतो, मी मात्र घाबरून तीन आठवड्यांनी पण करून आले होते एकदा, पैसे पाण्यात.

तर लॅबला चार स्टार. एक कापला तो उशिरासाठी नाही, रिपोर्टच्या पीडीएफला पासवर्ड असतो आणि तो कुठेच लिहिलेला नाही यासाठी. फोन केला तर गाणं वाजत राहतं. शेवटी दादालाच मेसेज केला, तर तो पासवर्ड म्हणजे माझाच मोबाईल नंबर, शेवटचे चार आकडे. घरी यायचे शंभर रुपये वेगळे घेतात, सुट्टे ठेवा, जीपे चालतं पण आमच्या जिन्यात रेंज नाही.