मॅग्नेशियम क्लोराइड, 500 ग्रॅमची बाटली: रिबन वर्म अखंड हवा असेल तर

गुण: 5 पैकी 4. एक गुण कापला तो झाकणासाठी, आतल्या मालात खोट नाही.

हे मीठ रसायनांच्या कुठल्याही दुकानात मिळतं. इथे ते एकाच कामासाठी पारखलं आहे: समुद्री रिबन वर्मला भूल देण्यासाठी. (‘फीतकृमी’ म्हटलं की लोकांना आतड्यातला टेपवर्म आठवतो. तो वेगळ्याच संघातला प्राणी, म्हणून रिबन वर्मच बरं.)

भूल लागते कशाला? या प्राण्याला ना हाडं, ना गांडुळासारखी वलयं. आहेत ते स्नायू आणि वरून चिकट स्राव. आतड्याच्या वर द्रवाने भरलेली एक नळी असते, तिच्यात सोंड घडी घालून ठेवलेली. स्नायूंनी द्रव दाबला की सदऱ्याची बाही उलटावी तशी सोंड बाहेर फेकली जाते. जिवंत रिबन वर्म थेट फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवण्याच्या द्रावणात) टाकला तर तो आक्रसतो, सोंड फेकतो आणि बऱ्याचदा त्याचे तुकडे होतात. नेमर्टिया संघात, म्हणजे रिबन वर्मच्याच संघात, सुमारे 1300 प्रजातींची नोंद आहे. त्यांची ओळख डोक्यावरच्या खाचा, डोळ्यांची संख्या आणि मांडणी, सोंडेतला काटा यांवरून पटते. गुंडाळी झालेल्या तुकड्यांत यातलं फार थोडं उरतं. लांबीवरही विश्वास ठेवता येत नाही. 1864 मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला वाहून आलेला लिनिअस लाँगिसिमस हा रिबन वर्म 55 मीटर भरला म्हणतात, पण हा देह रबरासारखा ताणला जातो, त्यामुळे त्या आकड्यावर शंका राहिलीच.

आता प्रमाण. 75 ग्रॅम हेक्साहायड्रेट (स्फटिकातच पाणी धरून असलेलं मॅग्नेशियम क्लोराइड) डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि एकूण द्रावण 1 लिटर करा. याचा क्षारभार साधारण समुद्राच्या पाण्याइतकाच होतो, त्यामुळे दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात. 500 ग्रॅमच्या बाटलीत साडेसहा लिटरहून जास्त द्रावण होतं. पेट्री डिशच्या हिशेबाने ते भरपूर झालं.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: मीठ समुद्राच्या पाण्यातच विरघळवलं जातं. मग खारटपणा दुप्पट होतो, प्राण्याच्या अंगातलं पाणी ओढलं जातं आणि जे टाळायचं तेच घडतं. विरघळवायला गोडंच पाणी, तेही नळाचं नको.

प्राणी बुडेल एवढ्या समुद्राच्या पाण्यात ठेवा. तेवढंच द्रावण ड्रॉपरने दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू सोडा, मग निम्मं पाणी काढून पुन्हा द्रावण भरा. मॅग्नेशियम कॅल्शियमची वाट अडवतं, त्यामुळे मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत जात नाही. दोन सेंटिमीटरचा प्राणी लवकर सैल पडतो, जाड लिनिअससारख्याला तासभर किंवा जास्तही लागतो. डोक्याला बारीक कुंचला लावून पाहा. अंग चोरलं तर अजून थांबा. घाईच्या फिक्सेशनने (फॉर्मालिनमध्ये टाकून नमुना कायम करण्याने) अख्खा नमुना वाया जातो. नुसता फोटो हवा असेल तर नंतर स्वच्छ समुद्राच्या पाण्यात परत सोडा, बहुतेक वेळा तो पुन्हा हलू लागतो. ही सोय अल्कोहोलच्या थेंबांत नाही, आणि मेंथॉलचे खडे फार वेळ खातात.

काटा पाहायचा तर भुलीतला छोटा होप्लोनेमर्टियन (सोंडेत काटा असलेल्या गटातला रिबन वर्म) स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिपने हलकेच दाबा. सोंडेच्या मध्यभागी बैठकीवर बसवलेला एक काटा दिसतो आणि आजूबाजूच्या पिशव्यांत जादा काटे तयार असतात, तुटला तर दुसरा. हे काटे कॅल्शियम फॉस्फेटचे. आंबट फॉर्मालिनमध्ये ते विरघळतात, म्हणून फॉर्मालिनमध्ये बोरॅक्स घालायला विसरू नका. ट्युब्युलॅनस या रिबन वर्ममध्ये काटा शोधत बसू नका, त्याला नसतोच.

फिक्सेशनआधी शेपटाचा छोटा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये काढून ठेवा, कारण फॉर्मालिन डीएनए खराब करतं. मग एक भाग बाजारचं फॉर्मालिन आणि नऊ भाग समुद्राचं पाणी, त्यात एक दिवस, पुढे 70 टक्के अल्कोहोल. भुलीतही कधी कधी सोंड सुटून बाहेर पडते आणि स्वतंत्र अळीसारखी वळवळते. ती दुसरा प्राणी समजून वेगळ्या बाटलीत टाकू नका.

खरेदी करताना लेबलवर ‘हेक्साहायड्रेट’ वाचा. निर्जल मीठ असेल तर लिटरला 35 ग्रॅमच पुरे, आणि ते विरघळताना पाणी तापतं, म्हणून थंड झाल्यावरच वापरा. आंघोळीच्या मॅग्नेशियम फ्लेक्सवर 47 टक्के मॅग्नेशियम क्लोराइड लिहिलेलं दिसतं. तेही हेक्साहायड्रेटच असतं, बाकीचं वजन पाण्याचं, त्यामुळे प्रमाण दुप्पट करू नका. सुगंधी किंवा तेल घातलेलं मात्र नको. ‘मॅगसल्फ’ म्हणजे एप्सम सॉल्ट, म्हणजे वेगळं मीठ. त्याला हे प्रमाण लागू नाही. एलआर ग्रेड (प्रयोगशाळेची साधी प्रत) पुरते, एआरवर (जास्त शुद्ध प्रतीवर) पैसे घालवू नका.

रंग मात्र हे मीठ वाचवत नाही. लाल, हिरवा, पट्टे, सगळं अल्कोहोलमध्ये फिकं पडतं. म्हणून फोटो आधी, शेजारी मोजपट्टी ठेवून.

हातमोजे घाला, पण ते मिठापायी नाही. जपानमध्ये हिरोशिमाच्या उपसागरात कालवांच्या शेतीत सापडलेल्या सेफॅलोथ्रिक्स या रिबन वर्ममध्ये टेट्रोडोटॉक्सिन आढळलं आहे, म्हणजे फुगा माशात असतं तेच विष.

आणि झाकण. हे मीठ हवेतली ओल शोषून लगदा होतं आणि मग 75 ग्रॅम वजन केलं तरी त्यात मीठ किती, पाणी किती, हे कळत नाही. सैल झाकणाची बाटली परत करा. आणलेल्या दिवशीच 75 ग्रॅमच्या पुड्या झिपलॉकमध्ये बांधून ठेवल्या, की पावसाळ्यातही वजन चुकत नाही.