चिपवाला अ‍ॅडॅप्टर की साधी नळी? मिररलेसवर दुसऱ्या कंपनीच्या लेन्स

माझ्या ड्राय बॉक्समध्ये (ओलावा आटोक्यात ठेवणाऱ्या पेटीत) दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्सचे दोन गट आहेत. एक गट डीएसएलआरच्या दिवसांत जमवलेल्या कॅनन ईएफ लेन्सचा: 50 एमएम एसटीएम आणि एक 24-105. दुसरा गट नंतर सवडीने, एकेक करून घेतलेल्या निकॉनच्या जुन्या एआय-एस लेन्सचा: 28, 50 आणि 105, तिन्ही हाताने फोकस करायच्या. बॉडी मात्र एकच, सोनीच्या ई माउंटची (माउंट म्हणजे लेन्स बसवायचं तोंड) फुल फ्रेम. ईएफसाठी चिपवाला अ‍ॅडॅप्टर आहे (तो लेन्स आणि बॉडी यांच्यात विजेचे संकेत पोहोचवतो) आणि निकॉनसाठी आत काहीही नसलेली धातूची नळी. मिररलेस घेऊन दुसरी लेन्स कुठून आणावी या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितो आहे.

आधी दोन गोष्टी बाजूला काढतो. कॅनन आरएफ बॉडीवर ईएफ लेन्स कॅननच्याच अ‍ॅडॅप्टरने लावणार असाल, तर बॉडी आणि लेन्स एकाच घरच्या, दोघींची भाषा एकच. तिथे पुढचा बराचसा भाग लागू होत नाही. निकॉन झेडवालेही एफटीझेड या निकॉनच्याच अ‍ॅडॅप्टरने जुन्या एफ माउंटच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्स सुखाने वापरतात. फक्त त्यात मोटर नसल्याने एएफ-डी, म्हणजे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या ऑटोफोकस लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. आणि बजेट असेल तर सिग्मा किंवा टॅमरॉनची थेट ई माउंटची लेन्स घ्या, अ‍ॅडॅप्टरचा प्रश्नच मिटतो. सोनीने या माउंटची मूलभूत माहिती 2011 मध्येच इतर कंपन्यांना विनामूल्य खुली केली, त्यामुळे इथे निवडीला तोटा नाही.

आता मूळ प्रश्न. निकॉन एफ माउंटच्या तोंडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर 46.5 मिलिमीटर, कॅनन ईएफचं 44, आणि ई माउंटचं फक्त 18. म्हणजे निकॉनसाठी 28.5 आणि कॅननसाठी 26 मिलिमीटरची नळी लावली की लेन्स मूळ जागी बसते. आत काच नाही, त्यामुळे प्रतिमेचा दर्जा तसाच राहतो. याबाबतीत दोघे सारखे. फरक पडतो तो लेन्स आणि बॉडी यांचं आपसात बोलणं होतं की नाही, यात.

चिपवाल्याचं कौतुक मनापासून करतो. लेन्स लावली की ऑटोफोकस चालतो, डोळ्यावर फोकस बसतो, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) बॉडीच्या चाकावरून बदलतं, फोटोत लेन्सची नोंद होते आणि बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेला) फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा एमएमचा आकडा, आपोआप कळते. घरात भाचीचा वाढदिवस होता, खोलीत ट्यूबलाइटचा उजेड, मुलं धावताहेत. 50 एसटीएमने दहापैकी सात-आठ फोटो बरोबर दिले. हाताने फोकस करून मला त्यातले निम्मेही मिळाले नसते. सलग फोटो काढताना चौकटीच्या कडेला फोकस डगमगतो आणि व्हिडिओत थोडा शोधत बसतो, हे खरं. नव्या फर्मवेअरने (अ‍ॅडॅप्टरच्या आतल्या सॉफ्टवेअरने) यात सुधारणा होते असं बरेच जण सांगतात, आणि माझ्याकडेही थोडी झाली.

मग मन का उडालं? लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब लागतो. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा आणि मधल्या मोकळ्या वाटेने माउलींचा अश्व आणि स्वाराचा अश्व दौडत येतात. तासभर उन्हात उभं राहायचं आणि अश्व समोरून जातो तो दोन-तीन सेकंदांत. बॅटरी वाचावी म्हणून कॅमेरा झोपलेला होता. गलका झाला तसं शटर अर्धं दाबलं. बॉडी लगेच उठली, पण अ‍ॅपर्चरच्या जागी आकड्याऐवजी दोन आडव्या रेषा आल्या. अ‍ॅडॅप्टर अजून लेन्सशी जुळवून घेत होता. आकडा दिसेपर्यंत अश्व पुढे गेला होता आणि माझ्यासमोर लोक टापांखालची माती कपाळी लावत होते. ते फोटो चांगले आले, पण मी आलो होतो अश्वासाठी.

एकदा झालं असतं तर विसरलो असतो. त्या वर्षात पाच-सहा वेळा झालं. कधी उठायला वेळ, कधी लेन्स काढून पुन्हा लावावी लागणं, एकदा धुक्यात चक्क संपर्कच तुटला. संपर्कबिंदू पुसले, फर्मवेअर बदललं, प्रमाण कमी झालं. पण शटर दाबताना मनात शंका राहू लागली, आणि मला तीच सोसेना.

याचं कारण लेन्सच्या घडणीत आहे. 1987 साली आलेल्या ईएफ माउंटमध्ये बॉडी आणि लेन्स यांच्यात यांत्रिक दुवा ठेवलेलाच नाही. अ‍ॅपर्चर विजेवर हलतं, लेन्सवर त्याची रिंग नाही. एसटीएम लेन्समध्ये तर फोकसची रिंगसुद्धा मोटरमार्फतच काम करते. बोलणं तुटलं की अ‍ॅपर्चर असेल तिथेच अडकतं आणि रिंग कितीही फिरवली तरी फोकस हलत नाही. हातात चांगली काच असून उपयोग शून्य.

पुढच्या आषाढात त्याच जागी 28 एमएम एफ/2.8 एआय-एस आणि साधी नळी घेऊन गेलो. एफ/8, फोकस साधारण 3.3 मीटरवर. गणिताने 1.65 मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वीकारार्ह स्पष्ट. फोकस करायचाच नव्हता, फक्त वेळेवर शटर दाबायचं होतं. माउलींचा अश्व, मागे पताका, डावीकडे टाळ उंचावलेले हात, सगळं एका चौकटीत मिळालं. कॅमेरा त्या वेळीही मध्येच झोपत होता, पण बॉडी उठली की काम सुरू, आणखी कुणाची वाट पाहायची नाही.

साध्या नळीची एक खोड मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण या पद्धतीचा सगळा डोलारा लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर उभा असतो. स्वस्त नळ्या मुद्दाम किंचित आखूड बनवतात. लांब झाली तर अनंतावर फोकसच होणार नाही, आखूड झाली तर निदान कुठेतरी तो सापडतो. पण नळी फक्त 0.1 मिलिमीटर आखूड असली तरी 28 एमएमवर खरा अनंत रिंगेच्या सुमारे 8 मीटरच्या खुणेवर येतो. म्हणजे रिंग अनंतावर टेकवून काढलेला किल्ल्याचा फोटो मऊ येणार, आणि 3.3 वर लावलेला फोकस प्रत्यक्षात साडेपाच-पावणेसहा मीटरवर पडणार. तोच फरक 105 वर तुलनेने क्षुल्लक, तिथे खरा अनंत शंभर मीटरच्या पुढच्या खुणेला येतो. म्हणून वाइड लेन्ससाठी नळी चांगली घ्या, टेलिफोटोसाठी स्वस्त चालेल. माझी पहिली नळी अशीच आखूड निघाली. मी रात्री दूरच्या टॉवरचा दिवा व्ह्यूफाइंडरमध्ये मोठा करून खरा अनंत शोधला आणि रिंगेवर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला. पुढे दुसरी, घट्ट बसणारी नळी घेतल्यावर ठिपका पुसला. आणखी एक, लेन्सवरच्या खोलीच्या (कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या) रेषा फिल्मच्या हिशेबाने आखलेल्या आहेत. 24 मेगापिक्सेलवर त्या सैल पडतात. मी एफ/8 लावतो आणि 5.6 च्या रेषा वाचतो.

बाकी त्रास आहेतच. नळीवर अ‍ॅपर्चर लावलेल्या आकड्याइतकं लगेच लहान होतं, त्यामुळे एफ/8 वर फोकस करायला गेलात तर पीकिंगचे (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचे) रंग सगळीकडे चमकतात आणि नेमका फोकस कळत नाही. 2.8 ला उघडायचं, फोकस करायचा, मग डोळा न काढता रिंगेचे तीन टकटक मोजून एफ/8. आठवड्याभरात बोटांना सवय होते. कॅननची सवय असलेल्यांना निकॉनची फोकस रिंग उलटी फिरते, त्याला जरा जास्त दिवस लागतात. फोटोत लेन्सची नोंद नाही, मला त्याचं फारसं दुःख नाही. स्टॅबिलायझेशनला फोकल लेंथ हाताने सांगावी लागते, आणि 105 काढून 28 लावल्यावर हे विसरलं तर संध्याकाळचे फोटो हललेले येतात. मी ते एका कस्टम बटणावर ठेवलं आहे. नवीन माणसाने पहिल्याच दिवशी मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालू करून ठेवावं, नाहीतर काही बॉडी फोटोच काढत नाहीत.

बुरशीचा विषय आपल्याकडे टाळता येत नाही. मुंबई-कोकणातल्या जुन्या लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सोडून द्या, कोटिंग खाल्लं गेलं असेल तर सफाईनेही डाग जात नाहीत. इथेही माझा कल जुन्या यांत्रिक लेन्सकडे झुकतो. ती उघडून साफ करणारे कारागीर अजून मिळतात. ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर आणि अ‍ॅपर्चरची नाजूक फ्लेक्स केबलही असते, ती गेली तर दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या जुन्या किमतीला भिडतो. ड्राय बॉक्स 40 ते 50 टक्के आर्द्रतेवर, दोन्हींसाठी.

ज्यांच्याकडे ईएफ लेन्स आधीच आहेत आणि घरात लहान मुलं आहेत, त्यांनी चिपवाला अ‍ॅडॅप्टर घ्यावा, त्या लेन्स घाईने विकू नयेत. मीही विकल्या नाहीत. पण ज्यांना शून्यातून सुरुवात करायची आहे, आणि देवळं, किल्ले, जत्रा, माणसांचे निवांत चेहरे असं काही टिपायचं आहे, त्यांनी चिपवाल्याचे पैसे एखाद्या एआय-एस लेन्समध्ये घालावेत असं मला वाटतं. माझ्या पिशवीतून चिपवाला आता महिन्यातून एखाद्या वेळेस बाहेर निघतो.

निकॉनच्या लेन्स घेताना नावात जी असलेल्या टाळा, त्यांना अ‍ॅपर्चरची रिंग नसते. दुकानात जाताना स्वतःची बॉडी आणि नळी सोबत न्या. लेन्स लावून हाताने हलकेच हलवून बघा, खेळ जाणवला तर दुसरी नळी मागा. मग दाराशी उभे राहून रस्त्याच्या अगदी टोकाची पाटी व्ह्यूफाइंडरमध्ये मोठी करा आणि रिंग नेमकी कुठल्या आकड्यावर ती स्पष्ट करते ते लिहून घ्या.