गाडीतलं घर: कन्याकुमारी सहज झाली, फोंडा घाटात खरं काय ते कळलं

जूनमध्ये गाडी हातात आली, आता फेब्रुवारी चाललाय. मीटरवर साडेनऊ हजार किलोमीटर वाढलेत. घेताना ज्यांनी "कशाला हे खूळ?" म्हटलं होतं, तेच आता "परवडलं का?" विचारतात. म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी म्हणजे जुनी फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ३३५० मिलिमीटर अंतर). सीटा काढून आत दोन बेड, ओटा, फ्रीज, ११० लिटरची पाण्याची टाकी आणि कॅसेट टॉयलेट (खालची पेटी बाहेर काढून रिकामी करायची). आतलं काम ज्याच्याकडून करून घेतलं त्याचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, काम कच्चं आहे. तुम्ही असं काही करणार असाल तर पत्रा कापायच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाला मंजुरी लागते.

पहिले सहा महिने आंबोली, गोकर्ण असे छोटे दौरे झाले. जानेवारीत मोठा केला: बेंगळुरूमार्गे कन्याकुमारी, येताना ६६ नंबरच्या हायवेनं केरळ, मंगळुरू, गोवा आणि शेवटचा मुक्काम मालवण. एकोणीस दिवस. मी, आमचे हे आणि सासूबाई. सपाटीला गाडी दहा-अकराचं ॲव्हरेज देते. फ्रीजची काहीच तक्रार नाही. सासूबाईंना पहाटे चारला चहा लागतो, तो कुणाला न उठवता त्या करून घेत. टॉयलेट रिकामं करायचं काम मात्र रोज कुणाचं यावरून वाद व्हायचा; अजून होतो.

मालवणात गाडी माडांच्या सावलीत लावली, तिथंच चुकलं. छतावरच्या सोलरला ऊन मिळालं नाही. आमची घरगुती वापराची (इंजिनची वेगळी) लिथियम बॅटरी २०० अँपिअर-तासांची, म्हणजे साधारण अडीच युनिटची. रात्री इंडक्शनवर बांगड्याची आमटी आणि भात, त्यात एक युनिट गेलं. पंखे आणि फ्रीज रात्रभर चालू, त्यात सव्वा. सकाळी बॅटरीत दहा टक्के उरलेले. म्हटलं, इंजिन सुरू केलं की होईल चार्ज. वर कणकवलीच्या पंपावर पाणी फुकट मिळालं म्हणून यांनी टाकी गच्च भरली. घरी कोल्हापूरला पोचायला शंभरेक किलोमीटर राहिलेले, ११० किलो पाणी घेऊन निघालो आम्ही!

फोंडा घाटात (गोव्यातलं नव्हे, कणकवलीकडचं फोंडा) स्टिअरिंग माझ्याकडे होतं. दुसरा गिअर, गाडीचा वेग माणूस पळेल इतका. तिसऱ्या की चौथ्या वळणाला मागचा ड्रॉवर सुटला, स्टीलचे डबे खाली आणि आगळाची बाटली गादीवर. डाग गेला नाही, आता जाणारही नाही. तेवढ्यात जळका वास. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, मागं काय शिजतंय का वायर जळत्या?"

वायर नव्हती, अल्टरनेटर होता, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारा, बॅटरी चार्ज करणारा भाग. मी आधी क्लच समजून घाबरले. नंतर कळलं ते असं: लिथियम बॅटरी रिकामी असली की अधाशासारखा करंट ओढते. आमच्या गाडीत अल्टरनेटर आणि बॅटरीच्या मधे फक्त एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, बसवलेला; ओढण्याला लगामच नाही. हायवेला वारा लागतो म्हणून निभावतं. घाटात वेग नाही, इंजिन तापलेलं, त्यात अल्टरनेटर पूर्ण ताकदीनं राबतोय. बाजूला घेतली, घरगुती बॅटरीचा मेन स्विच बंद केला, अर्धा तास थांबलो. शेजारीच एक ट्रक रेडिएटर उकळून उभा होता. त्याला चार बादल्या दिल्या, बाकीचं पाणी झाडांना. हलकी गाडी मग दाजीपूरच्या जंगलापर्यंत कुरकुर न करता चढली. गवा दिसला नाही, दिसावा अशी इच्छाही उरली नव्हती.

राधानगरीपासून पुढं ऊस. उसाच्या जोडट्रॉल्यांच्या मागं परिते गावापर्यंत रांगत आलो, खिडकीतून गुऱ्हाळाचा वास येत होता. सासूबाई तेवढ्यात झोपल्यासुद्धा.

दुरुस्ती कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं केली. अल्टरनेटरचे डायोड बदलले आणि रिले काढून ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला. आता बॅटरीनं कितीही मागितलं तरी तीसच मिळतात. भरायला सात तास लागतात, लागू देत. ड्रॉवरची चुंबकं काढून दाबून उघडणारी लॅच लावली. सगळं मिळून अठ्ठावीस हजार. हे काम मुळातच व्हायला हवं होतं, म्हणून मी आतलं काम करणाऱ्या त्या फॅब्रिकेटरला फोन केला. तो म्हणाला, "ताई, घाटात कोण सांगितलं होतं न्यायला?" कोल्हापुरात राहून घाट टाळायचा म्हणजे कोकण सोडूनच द्यायचं की!

परवडलं का? पैशाच्या हिशेबानं नाही. वर्षातून चाळीस रात्री तरी गाडीत झोपणार नसाल तर लॉज स्वस्त पडतं. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल आणि दर दोन तासांनी बाथरूम लागत असेल, तर मात्र हिशेब वेगळा. सासूबाई याआधी बारा वर्षं कुठल्याही लांबच्या प्रवासाला निघाल्या नव्हत्या.

गल्लीत गाडी शिरत नाही, तारा आड येतात. माझ्या भावाच्या प्लॉटवर उभी असते. तिथं एक मोठं चिंचेचं झाड आहे. हे गाडी त्याच्या सावलीत लावतात, मी रोज जाऊन उन्हात काढते.