जॉर्जियन रो-हाऊस: बाथचं दगडी की लंडनचं विटांचं?

इंग्लंडमध्ये १८व्या शतकातलं, म्हणजे जॉर्जियन, रो-हाऊस घ्यायचं तर दर्शनी बाजूवर भाळू नका. बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंट या चंद्रकोरीसारख्या घरांच्या रांगेला (१७६७–७४) वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडने ११४ आयोनिक (माथ्यावर गुंडाळीची नक्षी असलेल्या) खांबांचा एकसलग दर्शनी भाग दिला. त्यामागची ३० घरं मात्र ज्याने त्याने आपापल्या सोयीने बांधून घेतली. मागच्या बाजूला गेलात तर खिडक्या एका रेषेत नाहीत, छपरं वरखाली. घराची खरी तब्येत तिथेच कळते.

बाथची भिंत म्हणजे पुढे घडीव चुनखडीचा दगड, मागे बहुधा अनगड. दगड मऊ. खाणीतले आडवे थर उभे करून बसवले असतील तर पापुद्रे सुटतात. लोखंडी रेलिंगचे गज दगडात जिथे रोवलेत तिथे गंज फुगून दगड फोडतो. कॉर्निसखाली (भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेल्या पट्टीखाली), पावसाने न धुतल्या जाणाऱ्या जागी, काळी पपडी धरते. पण हे सगळं निदान दिसतं तरी.

लंडनची भिंत दुखणं लपवते. चांगली वीट महाग, म्हणून ठेकेदार दर्शनी थरातून आतल्या थरात शिरायला हव्यात त्या विटा अर्ध्यावर तोडून लावत. त्यामुळे बाहेरचा थर आतल्या स्वस्त विटांशी नीट बांधलेलाच नसतो. त्यात भिंतीत चिणलेल्या लाकडी पट्ट्या कुजल्या की फुगवटा येतो. कोपऱ्यावर भिंतीला गाल टेकवून सरळ नजर टाका. आत जमिनीच्या फळ्या भिंतीपासून सुटल्यात का पाहा. इलाज आहे, दोन्ही थर स्टीलच्या सळयांनी जोडतात, पण खर्च चांगलाच येतो. १७७४च्या कायद्याने आगीच्या भीतीने इथल्या खिडक्यांची चौकट विटांच्या आड ढकलली, म्हणून कूजही आडच राहते. खालचं लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा.

पहिलंच जुनं घर असेल तर आमचा कौल बाथला.

छपराला दोन्हीकडे सारखीच धास्ती: कठड्यामागची शिशाची पन्हळ. पानं तुंबली की पाणी थेट तुळयांच्या टोकांत मुरतं. सिमेंटने भरलेल्या दरजा दिसल्या तर किमतीत घासाघीस करा; त्या ओल कोंडतात, तिथे चुनाच हवा.

आणि लिस्टेड (वारसा म्हणून कायद्याने संरक्षित) घरात आधीच्या मालकाने विनापरवाना काही पाडलं-बदललं असेल, तर ते पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्या नावे येऊ शकते. जुने परवाने वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नका.